चार पावलं मागून

जानराव देशमुखांनी पेपर तोंडापुढे धरला आणि त्याच्या कडेवरून पुढे नजर लावली. दर्यापूरहून अकोल्याला निघालेल्या त्या बसमध्ये डोक्यावर पदर घेतलेली एकच बाई होती. म्हणजे त्यांची बायको, शकुनच.

गेल्या बुधवारी बायकोच्या पिशवीत त्यांना अकोल्याचं अर्धं तिकीट सापडलं होतं. कीर्तनाला म्हणून निघालेली बाई अकोल्याला कशाला जाईल? देशमुखांकडे साड्यांचे गठ्ठे दुकानदार घरी पाठवत, कासारीण घरी येऊन बांगड्या भरी, डॉक्टरही घरीच येई. बायकांचा गोषा केव्हाच उठला होता. जानरावांच्या डोक्यातून तेवढा उठायचा होता. भावाशी मिळून वाटणीचं काही शिजवते, की आणखी काही? आठ दिवस त्यांना अन्न गोड लागलं नव्हतं. आज ती पुन्हा कीर्तनाला म्हणून निघाली, तेव्हा त्यांनी अकोल्याची बस गाठली होती.

अकोल्याला बाई उतरली. जानरावही अंतर राखून निघाले. बाजारात तिनं मेथीची जुडी उचलली आणि चक्क भाव केला. जानरावांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“शकुन,” त्यांनी दरडावलं.

बाई वळली. भलतीच.

“कोन शकुन? कावून मांगं मांगं येऊन राहिले तुमी?”

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेचाळीस वर्षं बायको चार पावलं मागून चालत आली होती. ती पाठमोरी कशी दिसते, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“इकडं या,” मागून ओळखीचा आवाज आला. शकुन उभी होती, पदर खांद्यावर. “बसमंदी माया बाजूनंच गेले तुमी. चाला, दवाखान्यात माया नंबर लागला असन.”

“डॉक्टर घरी आला असता.”

“तो तुमालेच इचारते, बाईले काय होते म्हनून.”

ती पुढे निघाली. जानराव पहिल्यांदाच बायकोच्या मागून चालू लागले. तिचा डावा पाय फरफटत होता. घरी ते आत आले की ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभीच असायची.

“कधीपासून हाय हे?”

“अंकुरच्या लग्नाआंधीपासून.”

अंकुरची, त्यांच्या पोराची, मुलगी यंदा पाचवीत गेली होती.  पुढे होऊन बायकोचा हात धरावा असं जानरावांना फार वाटलं. पण भर रस्त्यात तो कसा धरतात, हे त्यांना माहीत नव्हतं. ते मागूनच चालत राहिले.