चालवून बघून घेतलेली बंदूक

गिरणाऱ्याच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा असला, की तो आधी गोरक्ष थेटेच्या ओट्यावर येऊन बसायचा. घोटीच्या बाजारात गोरक्षने हात ठेवलेला बैल कधी खोटा निघाला नाही. निदान गोरक्ष तरी तसंच सांगायचा. दात, खूर, शेपटी, डोळा, सगळं बघून झालं की तो दोन पावलं मागं सरायचा आणि म्हणायचा, "आता चालवून दाखवा." चालवून बघितल्याशिवाय त्याने आयुष्यात काही घेतलं नव्हतं. त्याची बायको कुसाबाई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मला बघायला आले तवा यांनी मला अंगणात दोन येरझाऱ्या घालायला लावल्या. दात तेवढे बघायचे राहिले."

तर अशा या माणसावर दोन हजार सहा साली बंदूक निवडायची वेळ आली. तीही स्वतःसाठी नाही, लेकीसाठी.

वेदिका त्याची एकुलती एक. नाशकात कॉलेजला असताना एनसीसीत तिने रायफल हातात घेतली आणि गंगापूर रस्त्याकडच्या नेमबाजी क्लबातल्या ललित सरांनी तिला उडत्या तबकड्या फोडायला शिकवलं. बशीएवढी केशरी मातीची तबकडी यंत्र हवेत भिरकावतं आणि ती खाली पडायच्या आत गोळी घालून तिचा भुगा करायचा. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गोरक्ष पोट धरधरून हसला होता. पण लेक जिल्ह्यात पहिली आली आणि पेपरात फोटो छापून आला, तेव्हा ते कात्रण खिशातून काढून त्याने इतक्या जणांना दाखवलं, की घडीवर वेदिकेचं नाक फाटलं. क्लबात जाऊन तिचा नेम बघायला मात्र त्याला कधी सवड झाली नाही. द्राक्षबाग काही सुट्टी देत नाही.

लेकीच्या बाबतीत त्याला अभिमान होता तो आणखी एका गोष्टीचा. लहानपणी ती डावखुरी होती. जेवायला डावा हात, पाटीवर डावा हात. गोरक्ष तिच्यासमोर गुळाचा खडा धरायचा. तिने डावा हात पुढं केला की खडा मागं घ्यायचा, हसायचा आणि वाट बघायचा. उजवा हात आला की खडा हातावर. वर्षभरात पोर सरळ झाली. "एक छडी मारली नाय," तो पाहुण्यांना सांगायचा, "गुळावर डावा हात मोडला पोरीचा."

आता राज्य स्पर्धा महिन्यावर आली होती. क्लबची बंदूक चौघांत फिरणारी, ती बाहेरगावी मिळणार नव्हती. वेदिकेला एकवीस पूर्ण होताच परवान्याचा अर्ज केला होता, पोलीस चौकशी आणि कलेक्टर कचेरीचे हेलपाटे होऊन परवाना आला, पण खरेदीची मुदत सोमवारी संपत होती. परवान्यावर एकच बंदूक. एकदा तिचा नंबर चढला की बदलायला पुन्हा तेच हेलपाटे. म्हणजे निवड चुकली की स्पर्धा गेली, आणि पुढच्या वर्षी थेट्यांची पोर लग्नाशिवाय घरात बसू देतील असे भाऊबंद नव्हते.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळ तय्यबभाईंचं बंदुकांचं दुकान होतं. शनिवारी बापलेक तिथं गेले. तबकड्यांसाठी लागते तशी, एकीवर एक नळी असलेली बंदूक नवी मिळणं मुश्कील. परदेशातून येणं बंद झालेलं. तय्यबभाईंकडे दोन होत्या, दोन्ही वापरलेल्या, आणि किमतीत एकोणीस-वीसचा फरक.

पहिली काउंटरवर ठेवली आणि गोरक्षचा जीवच अडकला. इटलीची. पोलादावर पानं कोरलेली, पानांतून दोन तितर उडतायत, आणि अक्रोडाचा दस्ता असा तुकतुकीत, की त्यात तोंड बघावं. दुसरी रशियाची, काळी, साधी. दस्त्यावर ओरखडे होते.

"ही चार वर्षं पडून आहे," तय्यबभाई काळीवर बोट ठेवून म्हणाले. ते खरं बोलणारे दुकानदार होते, त्यामुळेच त्यांचं दुकान छोटं राहिलं होतं. "जो येतो तो खांद्याला लावतो, तोंड वाकडं करतो आणि परत ठेवतो. का ते मला पण नाही समजत, भाऊ. मशीन एकदम चोख आहे."

वेदिकेने दोन्ही रिकाम्या बंदुका उजव्या खांद्याला लावून बघितल्या. दुसरीचा दस्ता तिच्या गालात रुतला. दोन्ही वेळा तिची मान विचित्र कलली, हे गोरक्षला दिसलं, पण त्याचं निम्मं लक्ष तितरांवर होतं.

"कोणती गं?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगाल ती, नाना," वेदिका म्हणाली. एरवी चपलेच्या रंगावरून भांडणारी पोर आज गरीब गाय झाली होती.

"शेठ, ही तितरांची आपली," गोरक्ष म्हणाला, आणि मग सवयीने दोन पावलं मागं सरला. "आता चालवून दाखवा."

"भाऊ, ही द्वारका आहे. इथे बंदूक चालवली तर सगळा ट्रॅफिक थांबेल."

"तो तसा बी थांबलेलाच हाय."

तय्यबभाई हसले. शेवटी ठरलं, की रविवारी सकाळी ते स्वतः दोन्ही बंदुका घेऊन क्लबात येतील.

रविवारी गोरक्ष धुतलेलं धोतर आणि टोपी घालून क्लबाच्या माळावर हजर झाला. ललित सरांनी त्याला खुर्ची दिली. तो उभाच राहिला. वेदिका नेमबाजीचं जाकीट चढवून पुढं गेली. तितरांची बंदूक तिने उजव्या खांद्याला लावली. तबकडी उडाली, बार झाला आणि तबकडी सुखरूप जाऊन गवतात पडली. दुसरीही तशीच. दहांतल्या दोन फुटल्या. मग काळी बंदूक घेतली. दहांत एक, आणि गाल लाल.

ललित सरांनी तोंड उघडलं, तसं वेदिकेने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की त्यांनी ते मिटलं.

जिल्ह्यात पहिली येणारी हीच का? आपलीच नजर लागली, आपण यायलाच नको होतं, असं गोरक्षला वाटलं. लेक मान खाली घालून रिकामी काडतुसं गोळा करत होती. तिची ती पडलेली मान त्याला बघवेना, म्हणून तो तिच्या पाठीकडे, खांद्यांकडे बघत राहिला.

आणि बघता बघता त्याच्यातला बैलपारखी जागा झाला.

बैल जुंपायचे तर एक डावीकडचा असतो, एक उजवीकडचा. पहिल्यापासून ज्या अंगाला चालला, त्याच अंगाला तो जन्मभर चालतो. बाजू बदलली की चांगला पाणीदार बैल मान वाकडी करतो, अंग चोरतो, आणि नवखा मालक त्याला खोडी समजतो. विकणारा काही सांगो, मानेवरचा जुवाचा घट्टा बघायचा. तो खोटं बोलत नाही. वेदिकेच्या जाकिटाला दोन्ही खांद्यांवर कातडी तुकडे शिवलेले होते. उजवा तुकडा कोरा करकरीत होता. डावा घासून काळा पडला होता.

"वेदे, इकडं ये," गोरक्ष म्हणाला.

ती आली. त्याने त्या घासलेल्या कातड्यावरून अंगठा फिरवला.

"तू डाव्या अंगाची हायेस."

ललित सरांना राहवलं नाही. "काका, हिचा डावा डोळा जोरदार आहे. नेम त्याच डोळ्याने धरावा लागतो. मीच बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायला लावली. आज ही असं का करतेय, मला कळत नाही."

"मग मला सांगायला काय झालं व्हतं गं?"

"कसं सांगू?" वेदिका म्हणाली. "घरी पाहुणा आला, की तुम्ही गुळाची गोष्ट सांगता. पोरीचा डावा हात मोडला म्हणता. किती खूश असता तेव्हा. तुमच्यासमोर डावी लावायची मला लाज वाटली, नाना."

गोरक्षला स्वतःचाच राग आला. डावीकडचा बैल उजवीकडे जुंपणाऱ्याला त्याने भर बाजारात शिव्या हासडल्या होत्या, आणि घरात इतकी वर्षं हेच करून वर तो मिशीला पीळ देत होता. त्याने टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली.

"लाव डावी," तो म्हणाला. "दोन्ही चालवून दाखव. मी बघतो."

वेदिकेने तितरांची बंदूक डाव्या खांद्याला लावली आणि तिची मान सरळ झाली. दहांतल्या सहा फुटल्या, पण दर बाराला ती दस्त्यापासून गाल सोडवून घेत होती. मग तिने काळी उचलली. पहिली तबकडी उडाली, नुसता केशरी धूर राहिला. दुसरी, तिसरी. दहांत नऊ. नववीला ललित सर ओरडले, आणि गोरक्षने तर पाचवीपासूनच तोंडाने "हुर्रर्र" असा शंकरपटात बैल पळवायचा आवाज चालवला होता.

तय्यबभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! देवळालीच्या रिटायर साहेबांची बंदूक ही. ते सहीसुद्धा डाव्या हाताने करायचे! दस्ता मुद्दाम डावीकडे वाकवून घेतला असणार." त्यांनी बंदूक आडवी धरून डोळ्यासमोर नेली. तो बाक बोटाच्या पेराएवढाही नव्हता. "चार वर्षं मी उजव्यांना दाखवत बसलो."

"माझं तरी काय येगळं हाय, शेठ?" गोरक्ष म्हणाला आणि खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्या हातावर टाकला. पंच्याखाली बोटं दाबून भाव करायची बैलबाजारातली रीत. तय्यबभाईंना ती बापजन्मी ठाऊक नव्हती. "भाऊ, बोटं मोडू नका," ते कळवळले, "जे काय ते तोंडाने सांगा!"

सोमवारी परवान्यावर काळ्या बंदुकीचा नंबर चढला. संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा कुसाबाई दारात हळदकुंकू, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. नवा बैल आला की पायांवर पाणी घालायचं, मग बंदुकीच्या का नाही?

"आई, पाणी नको, गंजेल!" वेदिका बंदूक पाठीमागे लपवत ओरडली. मग पाणी वेदिकेच्याच पायांवर पडलं, आणि कुंकू दस्त्यावरच्या एका ओरखड्यात जाऊन बसलं.

तोंड गोड करायला गोरक्षने ताटलीतला गुळाचा खडा उचलून लेकीपुढं धरला. तिने उजवा हात पुढं केला.

त्याने खडा मागं घेतला.

वेदिका बघतच राहिली. तो हसत होता आणि डोळे भरून आले होते.

"अहो, द्या की पोरीला," कुसाबाई म्हणाली.

पण गोरक्ष वाट बघत राहिला. वेदिकेने बंदूक उजव्या हातात घेतली आणि हळूच, चार वर्षांच्या पोरीसारखं बिचकत, डावा हात पुढं केला. गोरक्षने त्यावर खडा ठेवला, तिची मूठ दोन्ही हातांनी मिटवली आणि बराच वेळ धरून ठेवली.