सवाष्णीची आंघोळ

पोलकं शिवायला टाकताना धनुबाईनं मापाला जुनं पोलकं नेलं होतं. अंगाचं माप द्यायचंच नाही, असं ठरवून ती घरून निघाली होती. पण तळोद्याची मीनाबाई शिंपीण काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं जुनं पोलकं उलटं केलं, डाव्या बाजूला आतून कोंबलेल्या चिंध्या पाहिल्या, दार लोटलं आणि एक अक्षर न बोलता स्वतःच्या पोलक्याची बटणं काढली. तिचीही डावी बाजू सपाट होती. सहा वर्षांपूर्वी तीही धुळ्याच्या दवाखान्यात जाऊन आली होती.

सत्तावीस वर्षांची धनुबाई तिथंच शिवणयंत्राशेजारी बसून रडली. ऑपरेशनला पाच महिने झाले होते आणि घरी रडायची सोय नव्हती. तापीकाठच्या त्यांच्या गावात सासूनं ‘पोटाचं ऑपरेशन’ म्हणून सांगून ठेवलं होतं. नवरा, रूपचंद, त्या बाजूला बघतच नसे. आणि बरं झालेल्या पोटासाठी कुणी रडतं का?

ही बासष्ट सालची गोष्ट. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी धनुबाई एसटीनं तळोद्याला येऊ लागली. मीनाबाईच्या मागच्या खोलीत आणखी एक जण असायची, जसोदाबाई, जवळच्याच एका खेड्यातली, अवघी चोवीस वर्षांची. माप द्यायला कचरणारी बाई मीनाबाई बरोबर हेरायची.

तिघी काय करायच्या? भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि बोटं एकेक करत भिंतीवर वर चढवायच्या. नाहीतर दंड आखडतो, असं नर्सबाईनं बजावलं होतं. खानदेशातल्या बाया भिंतीवर गोवऱ्या थापतात, या बोटं थापत होत्या. हात पोचेल तिथं कोळशानं रेघ. जसोदाची रेघ सगळ्यात खाली असायची, आणि ती दोन बोटं वर सरकली त्या दिवशी मीनाबाईनं चक्क गूळ वाटला. मीनाबाई पोलक्यात आतून बसवायला रुईच्या, म्हणजे कापसाच्या, छोट्या गाद्या शिवून द्यायची. नुसती रुई हलकी, वर चढते, म्हणून त्यात मूठभर सरकी घालायची आणि म्हणायची, की आता हे देवाच्या मालापेक्षा जास्त मापात आहे. तिघी पोट धरून हसायच्या. बाहेर ज्याचं नाव काढायचं नाही, त्यावर त्या खोलीत हसता येत होतं. धनुबाई आठवडाभर त्या हसण्यावर जगायची.

मग जसोदाला खोकला लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. पुढं पाठ दुखायला लागली, आणि धुळ्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

जसोदाला मरणाचं तेवढं भय नव्हतं. भय होतं ते आंघोळीचं. नवऱ्यामागं राहिलेली बाई गुपचूप जाते, पण सवाष्ण मेली की सगळी गल्ली लोटते. तिला पाटावर बसवून न्हाऊ घालतात, हळद लावतात, हिरवा चुडा भरतात, आणि त्यात पुण्य म्हणून एकूण एक सवाष्ण हात लावायला धावते. त्यात सगळ्यात पुढं असणार होती शेजारच्या घरात वेगळी राहणारी तिची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, रंजनाबाई. रंजनाबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे.

“दोन वरीस झाकं मी,” जसोदा म्हणाली. “मरी गऊ का समद्या बाया माले उघडी देखतीन.”

धनुबाई बोलून गेली, “मी येसू. तुले मीच न्हाऊ घालसू. कोनाले आत येऊ देवाव नही.”

सांगावा आला आणि धनुबाई गेली. जसोदाच्या माहेरची म्हणून सांगितलं. ती उशाशी बसून राहिली, पाणी पाजत राहिली. एक दिवस गेला, दुसरा गेला. जसोदाचा श्वास घरघरत होता, पण चालू होता. रूपचंदनं दोनच दिवसांची मोकळीक दिली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी जुंपून दारात उभा राहिला. घरी केळी कापायला आल्या होत्या आणि धाकटीला ताप होता. धनुबाईला उठवेना आणि बसवेना. आपण कशाची वाट बघतोय, हे एकाएकी ध्यानात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली.

जसोदाला सगळं कळत होतं. तिनं डोळे उघडले. “जाय तू,” ती म्हणाली. “तुन्हासाठे लवकर मरू का मी?”

आणि हसली. धनुबाई गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी दिवस वर यायच्या आत जसोदा गेली, हे तिला चार दिवसांनी समजलं.

पुढचं मीनाबाईकडून कळलं. जसोदाच्या सासूनं बायांना अडवून पाहिलं, पण सवाष्णीच्या आंघोळीला कोण अडतंय? जसोदाचा पदर रंजनाबाईनंच काढला. तेराव्याच्या आत तिचं विहिरीवर सांगून झालं होतं की अर्धीच बाई होती जसोदा, माझ्या दीराला फसवलं.

धनुबाई तळोद्याला जायची थांबली. भिंतीवर बोटं चढवायची कशासाठी? दंड आखडत गेला. चुलीपुढं बसून ती रंजनाबाईला द्यायच्या शिव्या मनात घोळवायची. एवढं एकच काम ती मन लावून करत होती. अडीच महिन्यांनी मीनाबाईनं कुणाच्या तरी हाती निरोप पाठवला, ये म्हणून. ती गेली.

दोघी बोलत बसल्या होत्या, तेवढ्यात मागच्या दारात रंजनाबाई येऊन उभी राहिली. हातात शिवायचं कापड नव्हतं. धनुबाईच्या तोंडाशी सगळ्या शिव्या एकदम आल्या.

रंजनाबाई उंबऱ्यावरच खाली बसली. अडखळत तिनं सांगितलं ते असं, की जसोदाला न्हाऊ घालून ती घरी आली, सुतकाची आंघोळ करायला बसली, आणि डोळ्यांपुढून ते जाईना म्हणून तिचा हात स्वतःच्या अंगावर तिथं गेला. तेव्हापासून रोज जातोय. मीनाबाईकडे कोण येतं हे तिनं सासूकडून काढून घेतलं होतं.

“मन्हाच तोंडे तिन्हं समदा गावले सांगं मी,” ती म्हणाली. “आते मन्हं कोनाले सांगू?”

मीनाबाईनं दार लोटलं आणि धनुबाईकडे पाहिलं. धनुबाईला हात लावायचा नव्हता. तरी ती उठली, पुढं झाली आणि तिनं बोटं टेकवली. चिंचोक्याएवढी गाठ. दाबली तरी जागची हलेना. तिची स्वतःचीही अशीच होती; अशी गाठ सगळा जन्म तिच्या बोटांना ओळखीची राहणार होती.

“साधीच शे ना?” रंजनाबाईनं विचारलं.

खोटं बोलायला धनुबाईला जमेना आणि खरं बोलवेना. शिव्या कुठं गेल्या कुणास ठाऊक. धनुबाईनं तिचा पदर नीट केला, खांद्यावरून पुढं ओढून खोचला.

“दवाखानाम्हा मी येसू तुन्हासंगे,” ती म्हणाली.

येईन हा शब्द तिनं आधी एकदा दिला होता आणि तो तिला पाळता आला नव्हता. पण त्या खोलीत द्यायला तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.