मेरिनची अर्धी ओळ

टक्.

बाळ नुकतंच झोपलं होतं, आणि घर इतकं शांत की मी श्वासही बेतानेच घेत होते. वळून बघते तर मेरिनच्या लापशीच्या वाडग्यात तिचा पुढचा दात.

"आई, आजच?"

आजच. संध्याकाळच्या प्रार्थनेत माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला कॅथेड्रलच्या गायकवृंदात पक्की जागा आणि पांढरा झगा मिळायचा होता. वर्षभर ती शिकाऊ म्हणून कडेला उभी राहिली होती. रिवाज असा, की नव्या मुलीने स्तोत्राची पहिली अर्धी ओळ एकटीने उचलायची, मग बाकीच्यांनी ती पुढे न्यायची. चुकली तर झगा नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं. ते मेरिनने स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यात अर्ध्या ओळीत तीन 'स', आणि फटीतून प्रत्येक 'स' चहाच्या किटलीसारखा शिट्टी मारायला लागला.

"जीभ जरा मागे घे," मी म्हटलं.

"मग 'श' होतो! तुझं काय जातंय, तुला सगळे दात आहेत."

कॅथेड्रलच्या दारात इमोजेन भेटली, गायकवृंदातल्या मुलींमधली सगळ्यात मोठी. तिने वाकून मेरिनच्या तोंडात पाहिलं. "अगंबाई, इथे तर दारच उघडं! माझे ईस्टरला दोन पडले होते. गा बिनधास्त. वारा येईल, दुसरं काय!"

मेरिन हसली नाही.

मी बाळाला घेऊन गाणाऱ्यांच्या जवळच, खांबाच्या कडेला बसले. रडलंच तर पळता यावं म्हणून. गाण्याचे मास्तर पास्को यांनी बोट हलवलं. मेरिनचा आवाज उठला. पहिला 'स' निघाला, दुसराही निघाला. तिसऱ्याला जी शिट्टी वाजली, ती थेट छताला जाऊन भिडली.

आणि मेरिनने हात वर केला.

तालमीत सगळ्याच मुली करतात तसा. चुकलं की हात वर, म्हणजे 'माझं मला कळलंय, थांबू नका'. पण ते तालमीत! भर प्रार्थनेत कुणी करतं का? बाकीच्यांनी ओळ उचलली खरी, पण निम्म्या जणींचे खांदे दाबलेल्या हसण्याने गदगदत होते. मेरिनचा हात वरच. शेवटी इमोजेनने बाही ओढून तो खाली आणला.

स्तोत्र संपल्यावर कॅथेड्रलचे प्रमुख, म्हातारे डीन, झगा घेऊन तिच्यापुढे वाकले. "काय गं, काही विचारायचं होतं का?"

"नाही. माझा 'स' चुकला."

"असं? मला तर काही ऐकू आलं नाही." त्यांनी झगा तिच्या डोक्यावरून घातला.

घरी येताना बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. बेकरीपाशी मात्र एकदम थांबली.

"आई, डीन माझ्या समोरच बसले होते ना?"

"हो."

"शिट्टी तर पार शेवटच्या बाकावरच्या आजोबांनाही ऐकू आली. ते मान वर करून बघत होते."

"हं."

"मग डीन कॅथेड्रलमध्ये खोटं बोलले?"