भिंगावरची लिपस्टिक

अल्लीपूरच्या म्हाताऱ्या चंद्रभान फोटोवाल्याला शिसारी आली. प्री-वेडिंग फोटोंसाठी त्याचा जुना दोन भिंगांचा कॅमेरा मागून घेतलेल्या नवरदेव मुकेशनं तो सरळ डोळ्यालाच लावला. वरून मान खाली घालून काचेत बघायचं असतं, एवढीही अक्कल नाही! त्यात आता नवरी वर्षालीनं रीलसाठी भिंगाची पप्पी घेतली. काचेवर लिपस्टिक!

“मुकेश, तुही आजी मेली तवा तिचा एकही फोटो नव्हता. याच भिंगातून तिचा मुडदा खुर्चीले बांधून काढलता मी!”

वर्षाली ओठ पुसत थुंकली. मुकेश म्हणाला,

“काहीही काय, काका! भिंतीवरच्या फोटोत आजीचे डोळे तं उघडे हायेत.”

“ते मी मंग ब्रशनं रंगवले.”