चूड्याचं माप

सहा वर्षं अबोला धरलेला माझा धाकटा भाऊ निरवैर चूडा घेऊन दारात आला. मी रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर तेल घातलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. भाचीच्या हातात लग्नाचा चूडा मामानेच भरायचा, म्हणून निरोप धाडला होता. माप मात्र मुद्दाम कळवलं नव्हतं. म्हटलं, होऊ दे फजिती.

नवरीने चूडा आधी बघायचा नसतो, म्हणून माझ्या लेकीचे, रमनीतचे डोळे ओढणीने झाकले. निरवैरने दुधाच्या पाण्यात बुडवलेल्या लाल बांगड्या एकेक करून चढवल्या. एकवीसच्या एकवीस, ना सैल ना घट्ट! माझं डोकंच फिरलं. ही पोरगी चोरून मामाकडे जात होती की काय?

"माप कोणी दिलं? रमनीत, खरं बोल."

"मम्मी, डोळे झाकलेत. आता तोंडही झाकू का?"

मी नवऱ्याकडे वळले, तर तो पाणी प्यायला सटकला. संशय पक्का झाला.

"भैनजी, त्यांना कशाला झापताय?" निरवैरने खिशातून रंग उडालेली एक लाल बांगडी काढली. "तुमच्या लग्नातला चूडा आईने जपून ठेवला होता. दुकानात हीच दाखवली. पोरगी हाताने तुमच्यावरच गेलीय."

"थापा मारू नकोस," म्हणत मी ती हिसकावून हातात घालायला गेले. बांगडी अंगठ्यापाशीच अडकली.

निरवैर हसला नाही. दुधाचं भांडं पुढे ओढून म्हणाला, "हात इकडे आणा."