उतरल्यानंतरचं काम

"अहो, दोर लावू नका तिथे! शेपूट उपटून हातात येईल तुमच्या!"

लेथवाला ओरडतच धावला. ट्रॅक्टरवाल्याने दोर खाली टाकला. कापणी झालेल्या त्याच्या शेतात हे लांब पंखांचं, इंजिन नसलेलं ग्लायडर येऊन बसलं होतं, आणि तो बिचारा ते ओढून रस्त्यावर काढून द्यायला निघाला होता.

"मदतच करतोय ना, काका."

"करा की. पण मी सांगतो तशी."

कारखान्यात लेथ मशीन चालवायचा; निवृत्त झाला तरी लेथवाला हे नाव सुटलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी क्लबचं ग्लायडर उडवायचं, एवढाच त्याचा शौक. आज वर उचलून धरणारी गरम हवा मध्येच संपली, धावपट्टी लांब राहिली, म्हणून त्याने हे शेत हेरून ग्लायडर अलगद उतरवलं. उतरण्याची त्याला भीती नव्हती. धास्ती होती ती पुढची. क्षितिजावर धूळ उठली होती, वारा वाढत होता. असल्या हलक्या यंत्राला उलटायला कितीसा वेळ लागतो?

लेकीने सकाळीच बजावलं होतं, "बाबा, या वेळी काही मोडलं, यंत्र असो की तुम्ही, तर उडणं बंद. आई नाही आता ग्लायडर घरी न्यायला ट्रेलर घेऊन धावत यायला."

मघाशी फोनवर जागा सांगितली, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "लागलंय कुठे?"

"नाही."

"येते."

ट्रेलर ओढत ती आजवर कधी आली नव्हती. तीही एक काळजी होतीच.

त्याने वाऱ्याच्या बाजूचा पंख जमिनीला टेकवला आणि टोकावर आपल्या पाठीवरचं पॅराशूट काढून ठेवलं. वजन पुरेना.

"काय पाहिजे?" ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोने विचारलं.

"मातीने भरलेली पोती. आणि ती येईपर्यंत कुणीतरी इथे गुडघे टेकून पंख दाबून धरायचा. जागचं हलायचं नाही."

"जागचं हलायचं नाही? मग ह्यांना शिकवायला नको," असं म्हणत ती पोती आणायला गेलीसुद्धा.

"ऐकलंत काका? आभाळातून पाहुणा आला तरी हिची तऱ्हा तीच!" ट्रॅक्टरवाला गुडघे टेकत म्हणाला.

तेवढ्यात धूळ अंगावर आली. ग्लायडर थरथरलं, शेपूट सरकायला लागली. लेथवाल्याने शेपटीला मिठी मारली आणि टाचा मातीत रोवल्या. डोळे उघडता येईनात. पलीकडून ट्रॅक्टरवाला ओरडत होता, "मी सोडला नाही हो! तुम्ही आहात ना?"

"आहे! आहे!"

बाईने पोती आणून टाकली. बऱ्याच वेळाने वारा दमला. लेथवाल्याने पंखांवरून, शेपटीवरून हात फिरवला. ओरखडासुद्धा नव्हता. त्याचा जीव भांड्यात पडला.

मग रस्त्यावर गाडी दिसली. मागे लांबलचक ट्रेलर, आणि शेतात शिरायची वाट ही एवढीशी. तो घाईघाईने पुढे झाला, "डावीकडे घे" म्हणायला हात उचलला, आणि हात तसाच राहिला. लेकीने ट्रेलर उलटा घेत एका दमात आत आणून ग्लायडरच्या पुढ्यात लावला.

"कुठे शिकलीस?"

"आईने शिकवलं. तुम्ही वर असायचात तेव्हा."

लेकीने ग्लायडरभोवती फेरी मारली, मग त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"धड आहात दोघं."

"हे परत असे येणार का हो?" बाईने तिला विचारलं.

"येतील की. तुमच्या शेतात, नाहीतर आणखी कुणाच्या."

लेथवाला मान वळवून उगाच कपड्यांवरची धूळ झटकत राहिला.

ग्लायडर ट्रेलरमध्ये घालण्याआधी पंख सोडवायची वेळ आली. पंख बुडाशी जड असतो. इतकी वर्षं ती जागा त्याची, आणि टोकाला त्याची बायको. आज लेक सरळ बुडाशी जाऊन उभी राहिली.

"तुम्ही टोकाला जा, बाबा."

तो गेला. दोन्ही हात पंखाखाली घातले, आणि ती 'चला' म्हणायची वाट बघत उभा राहिला.