शेवटच्या बाकामागची खुर्ची

मित्रांनो, शाळेतल्या बाकीच्या खुर्च्यांना तुमची तोंडं दिसतात. मला दिसत आल्या त्या पाठी. मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. माझी जागा नववीच्या वर्गात, शेवटच्या बाकामागे, भिंतीला लागून होती. वर्गात येऊन शिकायचं नाही, शिकवायचंही नाही, नुसतं बघायचं, अशी जी माणसं येतात ती माझ्यावर बसत.

मला घडवणारा सुतार हाताचा सफाईदार आणि तोंडाचा फटकळ होता. त्या वेळच्या मुख्याध्यापकांनी त्याला बजावलं होतं, "मोठमोठे पाहुणे बसतील. हात रुंद ठेव, कागद ठेवून लिहिता आलं पाहिजे."

रंधा मारता मारता तो म्हणाला, "हात ठेवतो रुंद. पण पाठ सरळच ठेवणार. ऐसपैस केली तर तुमचे पाहुणे घोरतील."

तरीही कित्येक पाहुणे घोरलेच. तपासणी असली की माझे लाड व्हायचे. अंगावर तेलाचा बोळा फिरायचा, बसायला उशी यायची. तपासणी उरकली की दप्तरं, ओल्या छत्र्या, कुणाचे डबे, सगळं माझ्यावर. कंपासच्या टोकानं माझ्या पायावर कुणी काय काय कोरलं ते सांगण्यासारखं नाही. माझी त्याबद्दल तक्रारही नाही. पोरांच्या खोडीनं लाकूड झिजतं, दुखत नाही.

दुखलं ते निराळंच.

आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे दोघं होते. दहावीला धडाधड सर. हे नाव मुलांनीच पाडलेलं. सर अर्धा शब्द म्हणत, उरलेला वर्ग पुरा करी. "ही वेंट टू द मार..." की सगळे ओरडत, "केट!" मग सर विचारत, "अंडरस्टूड?" वर्ग छप्पर हलवी, "येस सर!" कुणाला काय समजलं हे देवालाच ठाऊक. पण बाहेरून जाणाऱ्याला वाटे, वा, काय वर्ग रंगलाय! सर माणूस वाईट नव्हते. त्यांना शांततेची भीती वाटायची, एवढंच.

नववीला बाई होत्या. त्यांचं नाव मुलांनी थांबाबाई ठेवलं होतं. बाई प्रश्न विचारायच्या आणि पुढच्या बाकावरचे हुशार लगेच "मी, मी" करत उठले की हात आडवा करून म्हणायच्या, "थांबा. विचार करणाऱ्याला करू दे." मग त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहायच्या. वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायचा. पहिल्या पहिल्यांदा मुलं हसायची, चुळबुळायची. पुढं सवय झाली. मला मागून दिसायचं. उत्तर येणार असलं की ते आधी पाठीला कळतं. पाठ ताठ होते, खांदे जरा वर येतात, मग हात.

माझ्या अगदी पुढ्यात एक मुलगी बसायची. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या शाळेतून आली होती. बोलायची नाही, म्हणून पोरं तिला 'म्यूट' म्हणायची. तिला येत नव्हतं असं नाही. ती आधी सगळं वाक्य मनात रचायची, पुटपुटून पाहायची, आणि ते पुरं होईपर्यंत दुसराच कुणीतरी उत्तर देऊन खाली बसलेला असायचा.

त्याच वर्षी माझ्यावर एक नवी पाहुणी बसायला लागली. शिक्षकांच्या महाविद्यालयातून आलेली, तरुण, चष्मेवाली. शिक्षक वर्गात प्रश्न कसे विचारतात याचा ती अभ्यास करत होती. कुणाला विचारतात, एका शब्दाचं उत्तर मागतात की विचार मागतात, आणि विचारल्यावर थांबतात का. मुलं तिला पाहणीबाई म्हणू लागली. ही कधी घोरली नाही. सबंध सत्रभर माझ्या रुंद हातावर कागद ठेवून ती मान खाली घालून लिहीत राही. मला वाटलं, सुतारानं मला घडवलं ते हिच्यासाठीच.

एकदा धडा होता एका दीपगृहाच्या रखवालदाराचा. समुद्रात एक माणूस बुडताना दिसतो, म्हणून तो दिवा सोडून होडी घेऊन जातो आणि त्याला वाचवतो. बाईंनी विचारलं, "वॉज ही राइट?" त्यानं केलं ते बरोबर का? पुढची बाकं एका सुरात म्हणाली, "येस टीचर!"

"सगळ्यांना बरोबरच वाटतं?" असं म्हणून बाई खिडकीशी गेल्या.

म्यूटची पाठ ताठ झाली. बाईंनी ते कसं हेरलं कोण जाणे. नुसती तिच्याकडे मान हलवली. मुलगी उभी राहिली, अडखळली, पुन्हा रचायला लागली. कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पगार.

"नो," मुलगी म्हणाली. "देअर आर... अदर बोट्स."

"व्हिच बोट्स?"

"द बोट्स... ही कॅनॉट सी."

दिव्याच्या भरवशावर येणाऱ्या, पण त्याला न दिसणाऱ्या होड्या. सगळा वर्ग मागे वळला. इतक्या वर्षांत मला एकदम सगळी तोंडं दिसली ती त्या दिवशी. मग जे भांडण जुंपलं म्हणता! मोडकंतोडकं इंग्रजी, मध्येच मराठी, आणि बाई हसत हसत एकेकाला वाक्य जुळवून देताहेत. घंटा झाली तरी कुणी उठेना.

तास संपल्यावर पाहणीबाई बाईंकडे गेली. तिचे डोळे भरले होते. "मी एवढे वर्ग पाहिले बाई, सगळीकडे प्रश्न म्हणजे गाळलेली जागा. खरा प्रश्न मी आज ऐकला."

"तुम्हाला आवडलं. मुख्याध्यापकांना गोंगाट वाटतो," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काळजी करू नका. माझी पाहणी पुरी होऊ द्या. तुमच्या केसाला धक्का लागणार नाही. मी आहे ना!"

मी आहे ना. मित्रांनो, हे शब्द माणसं फार सहज बोलतात.

सत्र संपता संपता शिक्षण खात्यातल्या मोठ्या साहेबांची समिती यायची ठरली. शाळेचा दर्जा ठरणार होता. आदल्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले. "बाई, उद्याचे प्रश्न मुलांना आजच सांगून ठेवा. उत्तरं घोटून घ्या. चार चुणचुणीत मुलं पुढे बसवा."

"आणि बाकीच्यांनी?"

"हात वर करायचे. त्यांना विचारायचं नाही."

"सर, मग ते प्रश्न कसले? ती तर हजेरी झाली."

"बाई, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे. शहाणपणा नंतर करा."

दुसऱ्या दिवशी मला तेल लागलं, उशी आली. साहेबांसाठी पुढे गादीची खुर्ची मांडली होती, म्हणून माझ्यावर पाहणीबाईच बसली. धडा एका म्हाताऱ्याचा होता, जो घराला कधी कुलूप लावत नाही. बाईंनी काही घोटून घेतलं नव्हतं. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, तो कुलूप का लावत नसेल? आणि थांबल्या.

पुढचे चुणचुणीत साहेबांना पाहून गारठले होते. हात वर गेला तो मागून. म्यूटचा. न विचारता, आपण होऊन, पहिल्यांदाच. ती उभी राहिली.

"बिकॉज ही..."

वाक्य अडकलं. पुटपुटणं मला ऐकू येत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हिला येत नसेल तर दुसऱ्याला विचारा."

"येतंय तिला, साहेब. जरा थांबावं लागतं," बाई म्हणाल्या.

"किती थांबायचं? खाली गाडी उभी आहे आमची." समिती हसली. मुख्याध्यापक त्यांच्याहून मोठ्यानं हसले. मग मुलंही हसली. मोठे हसल्यावर मुलं हसतातच.

पाहणीबाईनं माझे दोन्ही हात गच्च धरले. तिचं वजन माझ्यावरून हललं. ती उठणार होती, मी सांगते तुम्हाला, मला कळलं होतं ते. मग ती पुन्हा टेकली.

मुलगी खाली बसली. म्हातारा कुलूप का लावत नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शिपायानं मलाही नेलं. साहेब म्हणाले, "नववीचा वर्ग मठ्ठ आहे. विचारलं की नुसती शांतता. त्या बाईंना शिकवता येत नाही." मुख्याध्यापकांनाही मनातून थोडं वाईट वाटलं असावं. ते पाहणीबाईकडे वळले. "तुम्ही तर सत्रभर बसलात. तुम्ही सांगा. कसा आहे वर्ग?"

तिला कुणी घाई केली नाही. साहेब फक्त गोड हसून म्हणाले, "आणखी शाळा पाहायच्यात ना तुम्हाला? तुमचा अर्ज आहे माझ्याकडे."

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "समितीनं पाहिलं ते... बरोबरच असेल."

बाईंकडून वर्ग काढून घेतला. त्यांना तळमजल्यावरच्या पुस्तकांच्या खोलीत बसवलं. पुस्तकं मोजायची, वाटायची, फाटली की चिकटवायची. त्या मुख्याध्यापकांकडे दोनदा जाऊन आल्या. "माझे हात बांधलेले आहेत," एवढंच उत्तर मिळालं. नववीवर धडाधड सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी म्यूटला प्रश्न विचारला आणि ती तोंड उघडण्याआधीच स्वतः उत्तर देऊन टाकलं. थोड्याच दिवसांत ती सगळ्यांबरोबर "येस सर" ओरडायला शिकली. सर कौतुकानं म्हणाले, "बघा, कशी सुधारली!" तिची पाठ मात्र मी पुन्हा ताठ झालेली पाहिली नाही. शाळा सोडून गेली तेव्हाही ती पोक काढूनच गेली.

त्यानंतर काही वर्षांनी शाळेच्या सभागृहात मोठं व्याख्यान होतं. आसपासच्या सगळ्या शिक्षकांना बोलावलं होतं, म्हणून खुर्च्या कमी पडून मलाही तिथं नेलं होतं. व्याख्यातीच्या अभ्यासाला मोठा मान मिळाला होता. व्यासपीठावर पाहिलं तर आमची पाहणीबाई! साहेबांच्या शेजारी. विषय होता, 'प्रश्न विचारा आणि थांबा'. ती फार छान बोलली. म्हणाली, "एका शाळेत मी एक शिक्षिका पाहिली. तिच्या वर्गातली एक अबोल मुलगी म्हणाली, त्याला न दिसणाऱ्या होड्यांचं काय?" सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनीही वाजवल्या.

ती शिक्षिका शेवटच्या रांगेत माझ्यावर बसली होती. पुस्तकांचे गठ्ठे पोचवायला आली होती, जागा दिसली म्हणून टेकली. तिच्या बोटांना डिंक लागलेला होता. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. हुंदकाही दिला नाही.

चहाच्या वेळी पाहणीबाईनं तिला ओळखलं. लगबगीनं आली. "बाई! सगळं तुमच्यामुळेच हो. अभ्यासात नाव घालता येत नाही, नियमच असतो तसा. नाहीतर मी तुमचं नाव..."

"नाव कशाला हवं होतं?" बाई म्हणाल्या. "मला वर्ग हवा होता."

आणि त्या गठ्ठा उचलून तळमजल्यावर गेल्या. पाहणीबाईला साहेबांनी फोटोसाठी हाक मारली. तीही गेली.

मित्रांनो, आता मी जिन्याखाली पडून आहे. एक हात निखळलाय, बैठकीचा वेत उसवलाय. मला दुरुस्त करा, तेल लावा, असं मागणं मागण्याची माझ्यासारख्यांची रीत आहे. ते मी मागत नाही. तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणी मागच्या खुर्चीवर बसून दुसऱ्याचं काम बघेल, कागदावर उतरवेल. खुशाल बघा, नीट बघा. पण तुमच्या डोळ्यांदेखत कुणाचं वाक्य तोडलं जात असेल, तर बसून राहू नका.

मी खुर्ची आहे. माणसांनी बसावं म्हणून माझा जन्म. आणि तरीही हात जोडून सांगते, त्या वेळी माझ्यावरून उठा.